दीड डॉलरचा हॉटेलवाला

परगावी हॉटेलात उतरलेल्या माणसाला निघण्याच्या दिवशी सकाळी बहुधा एक लहानसा धक्का बसतो. खोलीच्या भाड्याचा आकडा त्याला आधीच ठाऊक असतो. पण बिलाच्या तळाशी शेंगदाण्यांची पुडी, पाण्याची बाटली आणि बीअरचा डबा अशा तीन ओळी छापलेल्या असतात आणि त्या तीन ओळींची बेरीज समोरच्या रस्त्यावरील एका उत्तम जेवणाइतकी भरते. आदल्या रात्री प्रवासाने शिणलेल्या अवस्थेत त्याने कपाटात दडवलेल्या त्या चिमुकल्या फ्रिजचे दार उघडलेले असते. त्या वेळी दुकाने बंद असतात आणि खाली उतरण्याचे त्राण अंगात नसते. मिनीबार नावाचा हा सारा व्यवहार त्या एका घटकेच्या असहायतेवर उभा आहे.

खोलीत तहानलेल्या पाहुण्याकडून त्याच्या तहानेचे वेगळे पैसे घ्यावेत की घेऊ नयेत, हा प्रश्न मात्र मिनीबारपेक्षा बराच जुना आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका हॉटेलवाल्याने त्याचे उत्तर स्वच्छ शब्दांत दिले होते आणि त्या उत्तरावर अमाप संपत्तीही मिळवली होती. एल्सवर्थ मिल्टन स्टॅटलर हे त्याचे नाव. आपल्याकडे ते फारसे कानांवर पडत नाही. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत कामानिमित्त फिरणाऱ्या कोणाही विक्रेत्याला, वकिलाला वा व्यापाऱ्याला ते आपल्या गल्लीच्या नावाइतके परिचित होते. आज जगातील कोणत्याही हॉटेलच्या खोलीत शिरताना आपला हात अंधारात दाराशेजारच्या भिंतीवर दिव्याचे बटण शोधतो आणि ते तिथेच सापडते, त्यातही या गृहस्थाचा वाटा आहे.

स्टॅटलर यांचा जन्म २६ ऑक्टोबर १८६३ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. वडील जर्मन रिफॉर्म्ड पंथाचे धर्मोपदेशक. घरात धर्म भरपूर आणि पैसा बेताचा. पुढे हे कुटुंब ओहायो नदीकाठच्या ब्रिजपोर्ट गावी आले. तेथे नवव्या वर्षी हा मुलगा काचेच्या कारखान्यात भट्टीपाशी कामाला लागला. बालमजुरीत तेव्हा कोणालाच वावगे वाटत नव्हते. नदीच्या पैलतीरावर व्हीलिंग नावाचे भरभराटीचे शहर होते आणि तेथे मॅक्ल्युअर हाउस हे नामांकित हॉटेल होते. तेराव्या वर्षी एल्सवर्थला तेथे बेलबॉयची, म्हणजे घंटा वाजली की धावत जाणाऱ्या पोऱ्याची नोकरी मिळाली. पगार महिना सहा डॉलर. वर मिळेल ती बक्षिशी.

या बक्षिशीपाशी थोडे थांबायला हवे, कारण पुढच्या साऱ्या कहाणीचे मूळ तेथे आहे. त्या काळच्या चांगल्या हॉटेलातही खोलीत नळ नसे. पाहुण्याला प्यायला थंड पाणी हवे असले की तो घंटा वाजवी. पोऱ्या जिने चढून वर येई, निरोप घेई, खाली जाई, बर्फ घातलेल्या पाण्याची सुरई घेऊन पुन्हा वर येई आणि सुरई ठेवल्यावर क्षणभर दाराशी रेंगाळे. त्या रेंगाळण्याचा अर्थ दोघांनाही कळे. पाहुणा खिशात हात घाली. सुरईला किंमत नव्हती असे दरपत्रक सांगे; प्रत्यक्षात प्रत्येक सुरईला किंमत होती, फक्त ती कोठेही लिहिलेली नव्हती. हे नाणे हातात पडण्याची वाट पाहत उभा राहणारा पोऱ्या आपण स्वतः होतो, याचा विसर स्टॅटलर यांना पुढे लक्षाधीश झाल्यावरही पडला नाही.

मुलगा हुशार होता आणि त्याहून अधिक चौकस होता. पंधराव्या वर्षी तो पोऱ्यांचा मुकादम झाला, मग गल्ल्यामागच्या मेजावर बसू लागला. रिकाम्या वेळात हिशेबाच्या वह्या कशा लिहितात हे शिकून घेतले. हॉटेलचा बिलियर्डचा दिवाणखाना तोट्यात चालला होता; तो त्याने चालवायला घेतला आणि फायद्यात आणला. त्यानंतर रेल्वे तिकिटांची विक्री, बोलिंगचा खेळ आणि आईच्या हातच्या पायवर चालणारे खाद्यगृह असे एकामागून एक उद्योग झाले. बिनभांडवली माणसाने दुसऱ्याच्या इमारतीत राहून जे जे करता येते ते सारे त्याने व्हीलिंगमध्ये करून पाहिले. १८९५ साली मेरी मँडरबाख यांच्याशी त्याचा विवाह झाला.

त्यानंतर तो गेला बफेलो शहरी. ईरी सरोवराकाठच्या या शहरात एलिकॉट स्क्वेअर नावाची कार्यालयांची अवाढव्य इमारत उभी राहिली होती. तिच्यात १८९६ साली त्याने मोठे उपाहारगृह थाटले आणि पहिल्यांदाच सपशेल चुकला. बफेलोकर दुपारी जेवायला घरी जात. हजारो कारकुनांच्या इमारतीतले खाद्यगृह आपोआप चालेल हे गणित कागदावर बिनचूक होते. पण गावाच्या सवयीची चौकशी कोणी केली नव्हती. धनको दाराशी आले. त्याने नोकर कमी केले, खर्च काटला, खाद्यपदार्थांचे दर उतरवले आणि काही काळाने कसाबसा पाय रोवला. या ठेचेने त्याला शिकवले ते एवढेच, की गिऱ्हाईक कोण आहे आणि त्याच्या खिशात किती आहे हे आधी पाहावे, इमारत मागाहून.

१९०१ साली बफेलोत पॅन-अमेरिकन प्रदर्शन भरले. त्याच्या प्रवेशद्वाराबाहेर स्टॅटलर यांनी दोन हजारांवर खोल्यांचे तात्पुरते हॉटेल उभारले. प्रदर्शनाला अपेक्षेइतकी गर्दी झाली नाही आणि ६ सप्टेंबरला त्याच प्रदर्शनात राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आठ दिवसांनी ते वारले. शहरावर अवकळा पसरली. त्या प्रदर्शनात कित्येक जण बुडाले. स्टॅटलर थोडाफार नफा घेऊन बाहेर पडले. तीन वर्षांनी सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात त्यांनी पुन्हा तसाच डाव मांडला. या वेळचे हॉटेल प्रदर्शनाच्या आवारातच होते आणि खोल्या होत्या २,२५७. तेथे कॉफीच्या प्रचंड भांड्याचा स्फोट होऊन स्टॅटलर जबर भाजले. पुढे कित्येक दिवस चाकांच्या खुर्चीत बसून ते हॉटेलचा कारभार हाकत होते. प्रदर्शन संपले तेव्हा त्यांच्या हाती तीन लाख डॉलरांहून अधिक नफा होता आणि स्वतःचे कायमचे हॉटेल बांधण्याइतकी ऐपत आली होती.

ते हॉटेल १८ जानेवारी १९०८ रोजी बफेलोत उघडले. आपल्या मुंबईचे ताजमहाल हॉटेल त्याआधी सुमारे चार वर्षे, डिसेंबर १९०३ मध्ये सुरू झाले होते. पण दोघांची जातकुळी वेगळी. ताजचा पाहुणा राजेरजवाड्यांपैकी वा आगबोटीने येणारा साहेब. स्टॅटलर यांच्या डोळ्यांसमोर होता नमुन्यांची पेटी घेऊन रेल्वेने हिंडणारा फिरता विक्रेता. त्याच्यासाठी त्यांनी तीनशे खोल्या बांधल्या आणि प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर दिले. तोवर ही चैन श्रीमंतांच्या हॉटेलांत, त्याही मोजक्या खोल्यांत असे. बाकीच्यांनी मजल्याच्या टोकाला जाऊन रांग लावायची. स्टॅटलर यांची जाहिरात खोली आणि न्हाणीघर मिळून दीड डॉलरचा भाव सांगत होती. व्यवसायातील जाणत्यांनी हा मनुष्य वर्षभरात दिवाळे काढणार असे भाकीत केले.

ते खोटे ठरले याचे कारण भिंतीच्या आत होते. स्टॅटलर यांनी शेजारशेजारच्या दोन खोल्यांची न्हाणीघरे पाठीला पाठ लावून बसवली आणि त्यांच्यामध्ये तळमजल्यापासून छतापर्यंत एकच उभी पोकळी ठेवली. पाण्याचे, वाफेचे, सांडपाण्याचे नळ आणि विजेच्या तारा साऱ्या त्यातूनच वर गेल्या. एका नळखांबावर प्रत्येक मजल्यावरची दोन न्हाणीघरे भागत. काही बिघडले तर कारागीर पाहुण्याच्या खोलीत न शिरता दुरुस्ती करू शके. बांधकामशास्त्रात ही रचना त्यांच्या नावानेच ओळखली जाऊ लागली. मोठमोठ्या हॉटेलांच्या झुंबरांवर पानेच्या पाने लिहिली गेली आहेत. त्या मानाने या अंधाऱ्या पोकळीची कोणी फारशी दखल घेतलेली नाही. सामान्य माणसाला खोलीत आंघोळ करता येऊ लागली ती मात्र हिच्यामुळे.

त्याच पोकळीतून आणखी एक नळ वर गेला होता. त्यातून बर्फाने गार केलेले पिण्याचे पाणी खेळत असे. खोलीत तोटी फिरवली की थंडगार पाणी हजर; घंटा, पोऱ्या, सुरई आणि दाराशी रेंगाळणे हे सारे एका तोटीने पुसून टाकले. यामागे निव्वळ औदार्य होते असे समजण्याचे कारण नाही. पोऱ्यांच्या शेकडो फेऱ्या वाचत होत्या आणि फेरी वाचली की पगार वाचतो हे माजी पोऱ्याइतके कोणाला कळणार? बक्षिशीवर जगणाऱ्या मुलांचे त्यात नुकसानही झाले असणार. पण पाहुण्याच्या बाजूने पाहिले तर प्रथमच त्याला आपल्या मुक्कामाची खरी किंमत दाराबाहेर उभे असतानाच कळत होती.

मग या माणसाला जणू छंदच लागला. दाराशी दिव्याचे बटण. मुठीच्या वर किल्लीचे छिद्र, म्हणजे अंधारात मूठ हाताला लागली की छिद्र सापडावे. प्रत्येक खोलीत दूरध्वनी. आरशाशेजारी टॉवेल अडकवायला खुंटी, म्हणजे तोंड धुतल्यावर डोळे मिटलेल्या माणसाला चाचपडावे लागू नये. सुईदोरा, टाचण्या, पत्रे लिहायला कागद. सकाळी दाराखालून सरकवलेले वर्तमानपत्र. यांतील एकाही गोष्टीचे वेगळे पैसे नव्हते. पुढे दाराच्या जाडीतच एक पोकळ कप्पा आला, दोन्ही बाजूंनी उघडणारा. पाहुण्याने आतून मळके कपडे ठेवावेत, नोकराने बाहेरून न्यावेत आणि धुऊन इस्त्री करून परत ठेवावेत. दोघांची गाठच पडत नसल्याने बक्षिशीचा प्रश्नही उरत नसे.

बक्षिशी पुरती बंद करणे मात्र स्टॅटलर यांनाही जमले नाही. त्यांनी नोकरांसाठी सेवेची एक छोटी नियमपुस्तिका काढली. बक्षिशी देणाऱ्या आणि न देणाऱ्या पाहुण्याला सारखीच वागणूक मिळाली पाहिजे, आणि पाहुण्याशी वाद घालून जिंकण्याचा अधिकार कोणाही नोकराला नाही, असा त्या पुस्तिकेचा आशय होता. मोबदल्यात त्यांनी नोकरांना आठवड्याची एक सुटी, पगारी रजा, औषधोपचार आणि धंद्यातील समभाग दिले; त्या काळच्या हॉटेल व्यवसायात हे अपूर्व होते. तरीही मालक म्हणून ते कडक होते. स्वतःच्या हॉटेलांत फिरताना पलंगाच्या गाद्यांपासून स्वयंपाकघरातील कचऱ्यापर्यंत सारे ते हाताने तपासत.

क्लीव्हलँड (१९१२), डेट्रॉईट (१९१५), सेंट लुईस (१९१७) अशी एकेक शहरे जोडली गेली. २५ जानेवारी १९१९ रोजी न्यूयॉर्कला रेल्वे स्थानकासमोर हॉटेल पेनसिल्व्हेनिया उघडले. खोल्या २,२००, न्हाणीघरे २,२००. ते त्या वेळचे जगातील सर्वांत मोठे हॉटेल होते. इमारत रेल्वे कंपनीची, कारभार स्टॅटलर यांचा.

पण त्याच महिन्यात अमेरिकेच्या राज्यघटनेत दारूबंदीची दुरुस्ती संमत झाली होती. १७ जानेवारी १९२० पासून ती अमलात आली. हॉटेल व्यवसायावर ही कुऱ्हाडच होती. कारण खोल्या आणि भोजनगृहे जेमतेम खर्च भागवीत. नफा येई तो मद्यालयातून. आपल्या मुंबई इलाख्याने १९४९ च्या कायद्यानंतर जे अनुभवले, त्याची ही तीस वर्षे आधीची आवृत्ती. पाहुणे खिशात चपटी बाटली घेऊन येऊ लागले, खोलीचे दार लावून बर्फ आणि जिंजर एल मागवू लागले. हॉटेलची खोली हीच एक खाजगी मद्यशाळा झाली. तिच्यातून मालकाला मात्र काही सुटत नव्हते. अनेक हॉटेलांनी मद्यालयांच्या जागी कॉफीची दुकाने काढली, तळमजल्याचे गाळे भाड्याने दिले. स्टॅटलर यांचा डोलारा या काळात डगमगला नाही, कारण त्यांचे सारे गणित मुळातच खोलीच्या भाड्यावर बेतलेले होते. उलट १९२३ साली बफेलोत दुसरे, अधिक भव्य हॉटेल आणि १९२७ साली बोस्टनला तेराशे खोल्यांचे हॉटेल उभे राहिले. बोस्टनच्या प्रत्येक खोलीत रेडिओ होता. पुढे तो त्यांच्या सर्व हॉटेलांत गेला, अर्थात फुकट.

दारूबंदीचा खरा बळी ठरले ते बीअरचे छोटे कारखाने. बफेलो, क्लीव्हलँड, डेट्रॉईट, सेंट लुईस ही स्टॅटलर यांची गावे म्हणजे जर्मन वसाहतवाल्यांनी आपापल्या चवीची बीअर गाळण्याची गावे. डेट्रॉईटच्या स्ट्रो कुटुंबाने आइस्क्रीम विकून तग धरला; बहुतेकांना तेवढेही जमले नाही. डिसेंबर १९३३ मध्ये बंदी उठली, पण गावोगावच्या चवी परतल्या नाहीत. मोजक्या बड्या कंपन्यांची एकसारखी, फिकट बीअर देशभर पसरली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस साऱ्या अमेरिकेत शंभराहूनही कमी कारखाने उरले. १९७८ साली घरी बीअर गाळण्यास संघराज्याने कायद्याने मुभा दिली, हौशी मंडळी पुढे सरसावली आणि आज ज्याला क्राफ्ट बीअर म्हणतात तिचे हजारो कारखाने उभे राहिले. तिचे आकर्षण सांगायला फार शब्द नकोत. ती त्या गावची असते आणि दुसऱ्या गावी तशी मिळत नाही.

स्टॅटलर यांनी हे काही पाहिले नाही. मेरीबाई १९२५ साली गेल्या होत्या. दोघांनी चार मुले दत्तक घेतली होती. १९२७ साली त्यांनी आपल्या चिटणीस ॲलिस साइडलर यांच्याशी दुसरा विवाह केला आणि वर्षभरातच, १६ एप्रिल १९२८ रोजी, न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय ६४. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या या माणसाला हॉटेलचा धंदा वर्गात शिकवता येतो हे आधी पटत नव्हते. कॉर्नेल विद्यापीठाच्या हॉटेल विद्यालयाला भेट दिल्यावर मत बदलले आणि त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाचा पैसा पुढे त्या विद्यालयाकडे गेला. ॲलिसबाईंनी सव्वीस वर्षे कारभार पाहिला. मंदीच्या लाटेत अमेरिकेतील बहुतांश हॉटेले धनकोंच्या ताब्यात गेली, तेव्हा स्टॅटलर हॉटेले तरली. १९५४ साली कॉनराड हिल्टन यांनी ती सारी १११ दशलक्ष डॉलरना विकत घेतली.

आणि आता कहाणीतले विचित्र वळण. मिनीबारला लोकप्रियता मिळाली ती १९७४ साली हाँगकाँगमधील हॉटेलात, आणि त्या हॉटेलाचे नाव होते हिल्टन. (परदेशातील हिल्टन हॉटेले तोवर वेगळ्या कंपनीकडे गेली होती, हे खरे.) शेकडो खोल्यांत भरलेले फ्रिज ठेवताच खोलीतील पेयविक्री कितीतरी पटींनी वाढली आणि जगभरच्या हॉटेलांनी तो कित्ता गिरवला. भाव चढे ठेवण्याची कारणेही सांगितली जातात आणि ती अगदीच खोटी नाहीत. रोज प्रत्येक खोलीत माणूस पाठवून बाटल्या मोजाव्या लागतात, मुदत संपलेला माल फेकावा लागतो, कोणी जिन पिऊन बाटलीत पाणी भरून ठेवतो, कोणी बिलावरून भांडतो आणि व्यवस्थापक मुकाट्याने ती ओळ खोडतो. पण अशा हिशेबाने उठवळ पाहुण्याचा भार प्रामाणिक पाहुण्याच्या बाटलीवर पडतो, हे कोणी बोलून दाखवत नाही. आपल्याकडे छापील किमतीपेक्षा अधिक दराने बाटलीबंद पाणी विकण्याचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हॉटेल नुसती बाटली विकत नाही, सेवाही देते, म्हणून छापील किमतीचे बंधन त्याला लागू नाही, असा निर्णय डिसेंबर २०१७ मध्ये लागला. कायद्याच्या दृष्टीने तो योग्य असेल. स्टॅटलर यांच्या खोलीतील तोटीची मात्र त्या वेळी आठवण येते.

गेल्या काही वर्षांत अनेक हॉटेलांनी हे फ्रिज रिकामे करून टाकले आहेत. पाहुण्याने आपले काय ते आणून ठेवावे. काही ठिकाणी त्यात गावातल्याच छोट्या कारखान्याची बीअर ठेवतात. तिला दोन पैसे जास्त मोजताना पाहुणा कुरकुरत नाही, असा प्रस्तुत लेखकाचाही अनुभव आहे. कारण समोरच्या दुकानातल्या भावाशी ताडून पाहावी अशी ती बाटलीच नसते.

बफेलोतील दीड डॉलरवाली पहिली इमारत केव्हाच पाडली गेली. १९२३ सालची दुसरी उभी आहे. न्यूयॉर्कच्या हॉटेल पेनसिल्व्हेनियाचा दूरध्वनी क्रमांक ग्लेन मिलरच्या वाद्यवृंदाने १९४० साली नृत्यसंगीतात गुंफून घराघरांत नेला होता. ते हॉटेल पुढे अनेक मालक आणि अनेक नावे पाहून २०२० साली बंद झाले आणि २०२३ पर्यंत जमीनदोस्तही झाले. वरून मजले उतरवत आणले तेव्हा शंभर वर्षे भिंतीआड राहिलेल्या नळांच्या त्या उभ्या पोकळ्या आपोआपच उघड्या पडल्या असणार.